सापाच्या विषातली विकरे आणि आपल्या हातातला वेळ

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. बायामाणसे, लेकरे जेवणे आटोपून जातात आणि परततात तेव्हा गल्लीत अंधार असतो. सापांच्या वावराचे महिनेही नेमके हेच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या कालव्याच्या पाण्यावर सोयाबीन, हळद, ऊस उभा राहतो. पीक दाटले की उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. त्या पिकात वाकून खुरपणारे, रात्रीची वीज आली की दारे धरायला जाणारे, ऊस तोडणारे हात बहुतेक मजुरांचे असतात, आणि त्या मजुरांची घरे आपल्या वस्त्यांत आहेत. साप जात विचारून चावत नाही हे खरे. पण अनवाणी कोण चालतो आणि जमिनीवर कोण झोपतो, हे गावाने फार पूर्वीच ठरवून ठेवलेले आहे.

देशभरातल्या मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन विचारणारी एक मोठी पाहणी झाली. तिच्यातून २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४६,००० माणसे दगावल्याचा अंदाज निघाला. त्यातली जेमतेम २३ टक्के दवाखान्यात मेली. बाकीची घरात, शेतात, वाटेत किंवा मांत्रिकाच्या ओट्यावर. पुढे २०२० मध्ये याच पाहणीच्या आधारे हिशोब मांडला गेला: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला ५८,००० च्या आसपास. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

औषध देशात तयार होते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी एवढी माणसे का जातात? याचे उत्तर समजून घ्यायला सापाच्या विषात काय असते ते पाहावे लागेल.

विष हा एकच एक पदार्थ नसतो. त्यात अनेक प्रथिनांचे मिश्रण असते आणि त्यातली बरीचशी विकरे असतात. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. शब्द अवघड वाटला तरी वस्तू घरातली आहे. ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिला तर गोड लागू लागतो, कारण लाळेतले विकर पिठाची साखर करू लागते. मटण जून निघाले तर बाया त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. पपईच्या चिकातले विकर मांसातली प्रथिने तोडते आणि मटण लवकर मऊ होते. विकराची खासियत अशी की काम करताना ते स्वतः संपत नाही. एक दुवा तोडला की मोकळे होऊन दुसऱ्याकडे वळते, मग तिसऱ्याकडे. म्हणून पपईचा एवढासा तुकडा पातेलेभर मटणाला पुरतो, आणि म्हणूनच दातातून गेलेले थेंबभर विष धडधाकट माणसाला आडवे करते. सापाची विषग्रंथी हे लाळग्रंथीचेच बदललेले रूप आहे. उंदीर मारायचा आणि पचवायला सुरुवात करायची, यासाठी ती आहे. आपण तिच्या वाटेत येतो एवढेच.

आता ही विकरे शरीरात शिरल्यावर काय करतात?

पहिले विकर वाट मोकळी करणारे. त्याचे नाव हायलुरोनिडेज. आपल्या मांसातल्या पेशी एका चिकट पदार्थाने एकमेकींना धरून असतात, जसे दगडमातीच्या भिंतीत दगड गाऱ्याने धरलेले असतात. हे विकर तो गारा विरघळवते. मग बाकीचे विष दाताच्या खुणेपाशी थांबत नाही, आजूबाजूला पसरत जाते. माणूस चालला, पळाला, घाबरून हातपाय झाडू लागला की स्नायूंच्या हालचालीने ते आणखी वेगाने पुढे ढकलले जाते.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा मारा रक्तावर असतो. कालव्याला भगदाड पडले तर काय करतात? वाळूची पोती भरून ठेवलेली असतात, ती नेऊन भगदाड बुजवतात. आपल्या रक्तातही अशी तयारी असते. जखम झाली की रक्तातले घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी जाळे विणून जखमेचे तोंड बंद करतात. घोणशीच्या विषातली विकरे या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला विनाकारण जागे करतात. फुरशाच्या विषातले एकॅरिन नावाचे विकर तर आणखी पुढच्या पायरीवर, प्रोथ्रॉम्बिनवर थेट काम करते. भगदाड नसताना सगळीकडे पोती टाकली जातात. काही वेळाने कोठार रिकामे होते. नंतर हिरडीतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त येऊ लागते आणि ते थांबवायला रक्तात काही उरलेले नसते. त्याच वेळी मेटॅलोप्रोटिनेज नावाची दुसरी विकरे रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून कुरतडत असतात. म्हणजे कोठारही रिकामे आणि कालव्याचा काठही खचलेला. हा रक्तस्राव मेंदूत झाला तर माणूस जातो. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होतात, लघवी कमी होते, डायलिसिसची पाळी येते.

याच घोणशीच्या विषाने जखमेतले रक्त थांबवण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये १९३४ साली हिमोफिलियाच्या रुग्णांवर झाला होता. आजही रक्ताच्या काही तपासण्यांत प्रयोगशाळा ते थोड्या प्रमाणात वापरतात. विष आणि औषध यांच्यात कधी कधी फक्त मात्रेचा फरक असतो.

रक्त गोठते आहे की नाही हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. शिरेतून काढलेले साधारण २ मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त दह्यासारखे धरले असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात पोहोचले आहे. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकची चालत नाही, आणि ती साबणाच्या पाण्याने धुतलेली नसावी. छोट्यातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होऊ शकते. सापाने चावलेल्या माणसाजवळ बसलेल्या नातेवाइकाने ‘वीस मिनिटांची रक्ताची तपासणी केली का?’ असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. औषध दिल्यानंतर ती दर सहा तासांनी पुन्हा करायची असते, कारण संपलेले घटक नव्याने तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो.

मण्यार निराळीच. ती रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर अंथरलेल्या गोधडीत येते. तिचे दात बारीक, चावल्याचे कळतही नाही. सूजही नसते. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. घरचे म्हणतात, काल रात्रीचे काही बाधले असेल. ओवा देतात, पोट चोळतात. कोणी म्हणते, बाहेरचे लागले. एवढ्यात पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, थुंकी गिळता येत नाही, मान धरवत नाही. मण्यारीच्या विषात फॉस्फोलिपेज ए-२ या जातीची विकरे असतात. पेशीभोवतीचे पातळ आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि हे विकर ते आवरणच तोडते. मण्यारीच्या बाबतीत त्याचा नेम मज्जातंतूंच्या टोकांवर असतो, जिथून स्नायूला ‘हल’ असा निरोप जातो. टोकच मोडले की निरोप जात नाही. श्वासाचे स्नायू थांबतात.

ही टोके एकदा मोडली की कोणतेही औषध ती लगेच जोडू शकत नाही. शरीर ती हळूहळू पुन्हा उगवते, त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस कृत्रिम श्वास दिला तर माणूस उठून घरी जातो. या अवस्थेत रुग्णाचे डोळे मिटलेले असतात, बाहुल्या हलत नाहीत, हातपाय लुळे असतात, पण त्याला आजूबाजूचे बोलणे ऐकू येत असते. ‘संपला’ म्हणून त्याला घरी आणण्याची घाई कोणी करू नये. वाटेत श्वास मंदावला तर फुग्याने श्वास देत न्यावे लागते. १०८ च्या रुग्णवाहिकेत ती सोय असते, म्हणून अशा रुग्णाला तिनेच पाठवावे.

नागाच्या विषातही फॉस्फोलिपेज असते, पण त्याचे मुख्य हत्यार विकर नाही. ती लहान प्रथिने असतात आणि कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तशी ती स्नायूच्या बाजूला अडकतात. इथे मोडतोड कमी, अडवणूक जास्त. त्यामुळे नागाच्या दंशात निओस्टिग्मिन हे स्वस्तातले इंजेक्शन उपयोगी पडते. मण्यारीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. नागाच्या दंशाची जागा मात्र काळी पडून कुजते.

आता औषधाकडे येऊ. लोक त्याला सापाची लस म्हणतात. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यासाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुला या आदिवासी समाजाची माणसे साप पकडून काढतात. त्यांची सहकारी संस्था १९७८ साली उभी राहिली. वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या त्यांच्यातल्या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या ज्ञानाला अडाण्यांचे ज्ञान म्हटले गेले, त्यांच्या हातावर देशाचा सर्पदंशाचा उपचार उभा आहे. हे विष अगदी थोडे थोडे घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला धरणारी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढतात आणि पेप्सिन नावाच्या विकराने छाटून वापरायला योग्य करतात. पेप्सिन म्हणजे पोटात अन्न पचवणारे विकर. विकरांनी केलेल्या घातावरचा इलाज तयार करतानाही एक विकरच कामाला येते. आपल्या राज्यात मुंबईच्या परळमधली हाफकिन ही संस्था या कामासाठी जुन्या काळापासून ओळखली जाते.

हे औषध रक्तात मोकळे फिरणारे विष धरून ठेवते. विकराने जे आधीच तोडले, ते जोडणे त्याच्या हातात नाही. अख्खा वेळेचा प्रश्न इथे आहे. घोणस चावल्यावर तासाभरात औषध मिळालेला आणि दिवसभर फिरून आलेला, दोघांना औषध तेच मिळते, पण दुसऱ्याची मूत्रपिंडे तोवर गेलेली असू शकतात. सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या शिरेतून देतात. लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. औषधाची ॲलर्जी येऊ शकते. त्यावरचे अॅड्रेनॅलिन जवळ ठेवून डॉक्टर ते देतात. काही ठिकाणी या ॲलर्जीच्या धास्तीने रुग्णाला एकही कुपी न देता पुढे पाठवतात. लक्षणे दिसत असतील आणि औषध तिथे असेल, तर पहिला डोस देऊनच पुढे पाठवणे हे वैद्यकीय नियमाला धरून आहे. ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे. आणखी एक अडचण अशी की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. तामिळनाडूच्या घोणशीवर बेतलेले औषध दुसऱ्या राज्यात थोडे कमी लागू पडू शकते, कुप्या जास्त लागू शकतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक यावर काम करत आहेत. तोवर आहे ते औषध हेच जीव वाचवते.

महाडचे नाव आपल्याला चवदार तळ्यामुळे ठाऊक आहे. त्याच महाडच्या परिसरात जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक मुलगा डॉक्टर होऊन १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. ते डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशाने माणसे हृदय निकामी होऊन मरत होती. त्यांनी रुग्णांपाशी रात्र रात्र बसून निरीक्षणे केली, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि ते अनुभव ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडले. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी सर्पदंशावरही शोधनिबंध लिहिले. त्यातला एक नाग आणि मण्यार चावलेल्या रुग्णांना ग्रामीण भागातल्या तुटपुंज्या साधनांत कसे वाचवता येते याविषयी आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या खेड्यातून निघालेल्या माणसाने आरोग्य केंद्रात बसून हे केले. ‘आपल्याकडे काय होणार, मोठ्या शहरात न्या’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग मांत्रिकाकडे गेलेला माणूस बरा कसा होतो? बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही, नुसते दात लागतात. असा माणूस मंत्राने, मोहऱ्याने, कडुनिंबाच्या पाल्याने, कशानेही ‘बरा’ होतो आणि गावात मांत्रिकाचे नाव होते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, तो मात्र ‘उशिरा आणला’ या खात्यावर जमा होतो. कडुनिंब कडू लागला की गोड लागला, यावरून जिभेची गोष्ट कळते, रक्ताची कळत नाही. रक्ताची गोष्ट काचेची नळी सांगते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. वस्तीतल्या तरुणांनी ही गोष्ट मांत्रिकाला आधीच, शांतपणे सांगून ठेवायला हरकत नाही.

दोरी आवळून बांधण्याचा आग्रह अजून सुशिक्षितही धरतात. बांधल्याने घोणशीची किंवा नागाची विकरे एका जागी कोंडली जातात आणि तिथले मांस जाळतात. वर रक्तपुरवठा तुटतो, आणि पाय कापण्याची वेळ येते. आधीच कोणी बांधले असेल तर वाटेत झटकन सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या. ब्लेडने कापणे तर घोणशीच्या दंशात आत्मघातच, कारण गोठण्याचे कोठार रिकामे असलेल्या रक्ताला आपण नवे भगदाड पाडून देतो. तोंडाने ओढून विष निघत नाही. हळद, चुना, रॉकेल काही लावू नका. दुखते म्हणून अॅस्पिरिन किंवा तसली वेदनाशामक गोळी देऊ नका.

करायचे ते थोडके आहे. माणसाला धीर द्या, आडवे करा. हातापायातल्या अंगठ्या, बांगड्या, पैंजण, काळा दोरा लगेच काढा, सूज आल्यावर ते रुततात. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर जसा फळीला किंवा तुराट्यांच्या जुडीला सैल बांधतात, तसा बांधून स्थिर ठेवा. चालू देऊ नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. सिद्धेश्वरच्या आसपासच्यांनी औंढ्याचे ग्रामीण रुग्णालय, वसमतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय यांपैकी ज्या ठिकाणी औषध आहे तिथे थेट जावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

सापाला शोधत बसू नका. बाण लागलेला माणूस ‘बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही’ म्हणतो, ही भगवंतांनी सांगितलेली गोष्ट आपण विहारात ऐकतो. काठ्या घेऊन पऱ्हाट्यांचा ढीग उपसणारे घरचे लोक तेच करत असतात. औषध चारही सापांवर एकच आहे. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही तर लक्षणे पुरेशी आहेत.

घरी सोडल्यावरही घोणस चावलेल्याने पुढचे काही दिवस लघवीकडे लक्ष ठेवावे. ती कमी झाली, लालसर-काळपट झाली, तोंडावर सूज आली तर परत जावे. दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवावेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्याच्या नावावर आणि घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही, त्या मजुराची त्या योजनेत जागा नाही. दुसऱ्याच्या शेतात साप चावून मेलेल्या अशा माणसाच्या घरी त्या योजनेतून काहीच येत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आहे. त्यात या भूमिहीनांचा विचार व्हावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

घरात खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावावी आणि तिची कड गोधडीखाली नीट खोचावी. मण्यारीला एवढा अडथळाही पुरतो. सरपण, गोवऱ्या, पऱ्हाट्या भिंतीला टेकून रचू नयेत. विहारातून परतताना बॅटरी आणि पायात चप्पल नव्हे, बूट असावा. आणि विहाराच्या फळ्यावर एका कोपऱ्यात १०८, वस्तीतल्या दोन गाडीवाल्यांचे फोन आणि जवळच्या दवाखान्यात सध्या सापाच्या औषधाच्या किती कुप्या शिल्लक आहेत तो आकडा लिहावा. दर पंधरा दिवसांनी कोणी तरी जाऊन विचारून यायचे आणि खडूने तो बदलायचा.